डॉटनेट प्रोग्राम नेटिव्ह कोडमध्ये क्रॅश होतोय? शोध कुठून सुरू करायचा

सी शार्पमध्ये काही वर्षं निवांत काम केलेल्या माणसाला पहिला नेटिव्ह क्रॅश, म्हणजे डॉटनेटबाहेरच्या सी किंवा सी++ सारख्या कोडमधला क्रॅश, अपमानच वाटतो. विंडो समोर उघडी असते आणि पुढच्या क्षणी नसते. लॉगची शेवटची ओळ अर्धीच लिहिलेली असते. जागोजागी घातलेल्या ट्राय-कॅचपैकी एकही कामाला येत नाही. एक्सेप्शनचा मजकूर नाही, ओळीचा क्रमांक नाही, काहीच नाही.

मी पहिल्यांदा यात अडकले तेव्हा जवळजवळ तीन आठवडे भलतीकडेच शोधत होते. ती गोष्ट सहाव्या पायरीत येईल. तोवर एवढंच धरून चाला: क्रॅश जिथे झालेला दिसतो ती जागा आणि चूक जिथे झाली ती जागा बरेचदा वेगळ्या असतात. चूक सापडते ती बहुतेक वेळा मॅनेज्ड (डॉटनेट रनटाइम सांभाळतो तो कोड) आणि नेटिव्ह या दोन्ही जगांच्या सीमेवर, म्हणजे सी शार्पमधल्या त्या चार ओळींत जिथे आपण नेटिव्ह फंक्शनची घोषणा लिहिलेली असते.

हा लेख मुख्यतः विंडोजवरच्या डॉटनेटसाठी आहे. लिनक्स आणि जावासाठी शेवटी थोडं आहे. कमांड आणि नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमन लिपीत करायची.

सुरुवातीला हाताशी काय हवं

- क्रॅश झालेल्या नेमक्या त्याच बिल्डच्या डीएलएल आणि त्यांच्या पीडीबी फाइल्स (फंक्शनांची नावं आणि ओळींची माहिती ठेवणाऱ्या)
- नेटिव्ह लायब्ररीची हेडर फाइल, तीही त्याच आवृत्तीची
- विनडीबीजी (विंडोजचा डीबगर, मोफत मिळतं) किंवा व्हिज्युअल स्टुडिओ
- सिसइंटर्नल्समधलं प्रॉकडंप, क्रॅशच्या वेळची मेमरी फाइलमध्ये उतरवून घेणारं
- जीफ्लॅग्ज, मेमरीच्या चुका पकडायची सेटिंग चालू करणारं; विंडोज एसडीकेच्या डीबगिंग टूल्सबरोबर येतं
- डिस्कवर भरपूर मोकळी जागा, कारण पूर्ण डंप कित्येक जीबीचा होऊ शकतो

यादीतली दुसरी गोष्ट लोक सगळ्यात जास्त टाळतात. "हेडर आहे की, मागच्या वर्षी घेतलेली." ती नको. आज जी डीएलएल चालतेय, तिचीच हवी.

१. क्रॅश कोणत्या जातीचा आहे ते ओळखा

आधी इव्हेंट व्ह्यूअर उघडा आणि ॲप्लिकेशन लॉगमध्ये १००० क्रमांकाची नोंद शोधा. तिच्यात तीन गोष्टी मिळतात: कोणत्या मॉड्यूलमध्ये क्रॅश झाला, एक्सेप्शनचा कोड काय आणि मॉड्यूलमधलं अंतर किती, म्हणजे मॉड्यूलच्या सुरुवातीपासून किती बाइट पुढे. शेजारीच डॉटनेट रनटाइमची १०२६ क्रमांकाची नोंद असेल तर तीही वाचा.

कोड सोळाच्या पायात असतात. नेहमी भेटणारे हे:

सी००००००५ म्हणजे ॲक्सेस व्हायोलेशन, जिथे हात लावायचा नाही त्या मेमरीला हात लावला. सी००००३७४ म्हणजे हीप (प्रोग्राम मागेल तशी मेमरी जिथून मिळते ती जागा) बिघडल्याचं विंडोजच्या लक्षात आलं. सी०००००एफडी म्हणजे स्टॅक संपला. बहुधा कुठेतरी स्वतःलाच बोलावणारं फंक्शन आहे. सी००००४०९ म्हणजे प्रोग्रामने स्वतःहून, जाणूनबुजून, ताबडतोब मरण पत्करलं. स्टॅकवरच्या बफरची मर्यादा ओलांडली गेली किंवा सी++ मधून ॲबॉर्ट बोलावलं गेलं की हा दिसतो. ८०१३१५०६ म्हणजे डॉटनेट रनटाइमलाच स्वतःची आतली अवस्था विसंगत सापडली. हा दिसला की सहावी पायरी आधी वाचली तरी चालेल.

दोन कोड मात्र वेगळ्या घराण्यातले आहेत. ई०४३४३५२ हे साधं, कोणी न पकडलेलं डॉटनेट एक्सेप्शन असतं. त्यासाठी हा लेख लागत नाही, सरळ लॉग बघा. ई०६डी७३६३ हे सी++ चं एक्सेप्शन. त्याचे शेवटचे तीन बाइट अक्षरांत वाचले तर "एमएससी" होतात. कोणीतरी गंमत म्हणून ठेवलेलं दिसतं, पण लक्षात राहायला सोपं जातं.

ट्राय-कॅच का चालत नाही, हा प्रश्न प्रत्येक नवखा विचारतो. डॉटनेट फ्रेमवर्क ४ पासून, म्हणजे २०१० पासून, ॲक्सेस व्हायोलेशनसारखी एक्सेप्शन नेहमीच्या कॅचपर्यंत पोचूच दिली जात नाहीत. एक ॲट्रिब्यूट लावून ती पकडता येत असत. डॉटनेट कोअर आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांत त्या ॲट्रिब्यूटकडेही दुर्लक्ष होतं. माझ्या मते हे योग्यच आहे. मेमरीत काय बिघडलंय हे ठाऊक नसताना प्रोग्राम पुढे रेटला, तर तो चुकीचा डेटा जतन करत बसेल. त्यापेक्षा मेलेला बरा.

२. पूर्ण डंप मिळवा

डंप म्हणजे मरणाच्या क्षणी प्रोग्रामच्या मेमरीचं काढलेलं छायाचित्र. तो नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे.

सगळ्यात बिनत्रासाचा मार्ग विंडोजमध्येच आहे. रजिस्ट्रीत लोकल मशीनखाली सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, विंडोज एरर रिपोर्टिंग या वाटेने जा, तिथे लोकलडंप्स नावाची की बनवा आणि तिच्याखाली तुमच्या एक्झी फाइलच्या नावाची उप-की. त्यात डंपटाइप २ ठेवा, म्हणजे पूर्ण डंप. डंपफोल्डरमध्ये जागा सांगा. न सांगितल्यास वापरकर्त्याच्या लोकल ॲपडेटामधल्या क्रॅशडंप्स फोल्डरमध्ये जास्तीत जास्त दहा डंप ठेवले जातात.

इथे दोन खड्डे आहेत. प्रोग्राम डॉटनेट या होस्टमार्फत चालवत असाल तर प्रक्रियेचं नाव तुमच्या प्रोग्रामचं नसून डॉटनेट डॉट एक्झी असतं, आणि उप-कीही त्याच नावाची लागते. दुसरं, सर्व्हिस ज्या खात्याखाली चालते त्या खात्याला डंपफोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी हवी. ती नसेल तर डंप तयारच होत नाही, आणि परवानगी नाही म्हणून कोणी सांगायलाही येत नाही.

क्रॅश तुमच्यासमोर घडवता येत असेल तर प्रॉकडंप सोपं पडतं: एमए आणि ई हे दोन स्विच आणि प्रक्रियेचा क्रमांक. ई नंतर १ लिहू नका. तसं केलं की पकडल्या गेलेल्या प्रत्येक एक्सेप्शनलाही डंप निघायला लागतो, आणि डॉटनेटमध्ये अशी एक्सेप्शन ढिगाने असतात.

टास्क मॅनेजरमधून डंप काढणार असाल तर सांभाळून. प्रोग्राम ३२ बिटांचा आणि टास्क मॅनेजर ६४ बिटांचा असेल, तर निघालेल्या डंपमध्ये मॅनेज्ड बाजू वाचता येत नाही. अशा वेळी सिसवाऊ६४ फोल्डरमधला ३२ बिटांचा टास्क मॅनेजर वापरायचा. माझा पहिला डंप असाच वाया गेला, आणि क्रॅश पुन्हा व्हायला चार दिवस लागले.

आणखी एक. पूर्ण डंपमध्ये पासवर्ड, ग्राहकांची माहिती, कनेक्शन स्ट्रिंग असं सगळं जसंच्या तसं असतं. तो ईमेलला जोडून कोणालाही पाठवू नका.

३. सिम्बॉल जुळवा

सिम्बॉल म्हणजे पत्त्यांना फंक्शनची नावं देणारी माहिती. ते नसलेला स्टॅक वाचणं म्हणजे पाट्या नसलेल्या रस्त्यांवर पत्ता शोधणं. विनडीबीजीत आधी सिमफिक्स द्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा सार्वजनिक सिम्बॉल सर्व्हर जोडला जातो. मग सिमपाथ-प्लसने तुमच्या पीडीबीचं फोल्डर जोडा आणि रीलोड करा.

पीडीबी आणि डीएलएल यांची जोडी एका खुणेच्या क्रमांकावर ठरते, फाइलच्या नावावर नाही. "तोच सोर्स पुन्हा बिल्ड केला, पीडीबी मिळाली" हे सहसा चालत नाही, कारण नव्या बिल्डची खूण नवी असते. म्हणून बाहेर गेलेल्या प्रत्येक बिल्डच्या पीडीबी जपून ठेवा.

सिम्बॉल जुळले की नाही ते एलएम कमांड सांगते. मॉड्यूलपुढे "प्रायव्हेट पीडीबी" दिसलं तर उत्तम. "एक्स्पोर्ट सिम्बॉल्स" दिसलं तर सावध व्हा. अशा वेळी डीबगर जवळात जवळच्या एक्स्पोर्ट केलेल्या फंक्शनचं नाव दाखवतो आणि पुढे अंतर लावतो. फंक्शनच्या नावापुढे काही हजार बाइटांचं अंतर दिसलं, तर ते नाव जवळजवळ नक्कीच खोटं असतं. त्या नावावरून लायब्ररीवाल्यांना पत्र लिहिलेले लोक मी पाहिलेत.

४. स्टॅक वाचा, पण घाई करू नका

डंप उघडल्यावर क्रम असा ठेवा.

पहिल्यांदा उद्गारचिन्ह-ॲनालाइझ, व्ही स्विचसह. निष्कर्ष म्हणून जे छापलं जातं त्यावर लगेच विश्वास ठेवू नका, पण सुरुवात म्हणून ठीक आहे. मग डॉट-ईसीएक्सआर. हे नवखे विसरतातच. ही कमांड डीबगरला क्रॅशच्या क्षणी नेते; ती न देता स्टॅक पाहिलात तर क्रॅशनंतरची आवराआवर करणारी विंडोजची फंक्शनं दिसतात आणि लोक त्यांनाच गुन्हेगार समजतात. त्यानंतर के, म्हणजे नेटिव्ह स्टॅक. मग उद्गारचिन्ह-सीएलआरस्टॅक, म्हणजे मॅनेज्ड स्टॅक. ही शेवटची कमांड एसओएस नावाच्या एक्स्टेन्शनमधली आहे आणि नव्या विनडीबीजीत ते बहुधा आपोआप लोड होतं. एसओएस म्हणजे "सन ऑफ स्ट्राइक". डॉटनेटच्या सुरुवातीच्या काळात रनटाइमचं सांकेतिक नाव लाइटनिंग होतं आणि त्याच्या डीबगर एक्स्टेन्शनचं स्ट्राइक, त्यावरून हे आलं.

दोन्ही स्टॅक शेजारी ठेवा. मॅनेज्ड बाजूचं सगळ्यात वरचं फंक्शन कोणतं आणि त्याने नेटिव्हमधलं कोणतं फंक्शन बोलावलं, हे कागदावर लिहून काढा. व्हिज्युअल स्टुडिओत हेच एका स्टॅकमध्ये दिसतं, फक्त प्रोजेक्टच्या डीबग सेटिंगमध्ये "एनेबल नेटिव्ह कोड डीबगिंग" चालू करावं लागतं. ते मुळात बंद असतं, आणि म्हणूनच कित्येकांचा एफ११ नेटिव्ह फंक्शनवरून उडी मारून पुढे जातो.

आता कोणत्या पत्त्याला हात लावताना क्रॅश झाला ते बघा. पत्ता पुष्कळ बोलतो.

शून्य किंवा शून्याजवळचा छोटा आकडा असेल तर नल पॉइंटर. तो आकडा म्हणजे स्ट्रक्चरमधल्या फील्डचं अंतर. सीडीसीडीसीडीसीडी दिसलं तर हीपवरून घेतलेली पण कधीच न भरलेली मेमरी, सीसीसीसीसीसीसीसी दिसलं तर स्टॅकवरचा न भरलेला चल, डीडीडीडीडीडीडीडी दिसलं तर परत करून टाकलेली मेमरी. हे तीनही नमुने मायक्रोसॉफ्टच्या सी रनटाइमच्या डीबग बिल्डमध्येच मिळतात, रिलीजमध्ये शोधू नका. ६४ बिटांच्या प्रोग्रामात पत्त्याचा वरचा अर्धा भाग शून्य आणि खालचा अर्धा अगदी खरा वाटणारा असेल, तर कोणीतरी पॉइंटर ३२ बिटांच्या इंटमध्ये ठेवून कापलाय. आणि पत्ता सगळे एफ असा दिसला, तर तो खरा पत्ता नसण्याची शक्यता मोठी. प्रोसेसरला मान्यच नसलेल्या आकाराचा पत्ता वापरला गेला की विंडोज तसं कळवतं. खरा आकडा रजिस्टरमध्ये बघा.

चालू प्रोग्रामला डीबगर लावून बसला असाल तर अजून एक गोष्ट गोंधळात टाकते. मॅनेज्ड कोडमधलं साधं नल रेफरन्स एक्सेप्शनसुद्धा आतून ॲक्सेस व्हायोलेशनच असतं. रनटाइम ते पकडतो आणि त्याचं रूपांतर करतो. डीबगर तिथे थांबला म्हणजे तुमचा क्रॅश सापडला असं नाही. पुढे जाऊ द्या.

५. हेडर आणि घोषणा शेजारी ठेवा

माझा सल्ला विचाराल तर, विनडीबीजीत एक दिवस घालवण्याआधी या पायरीत दोन तास घाला. एका बाजूला सीची हेडर, दुसऱ्या बाजूला डीएलएलइम्पोर्टच्या ओळी (नेटिव्ह फंक्शनची घोषणा करणारं सी शार्पचं ॲट्रिब्यूट), आणि एकेक पॅरामीटरवर बोट ठेवत जा. कंपायलर इथे तुमची बाजू घेत नाही. तुम्ही काय लिहिलंत आणि डीएलएलमध्ये काय आहे, याची पडताळणी कोणीच करत नाही.

आकारांपासून सुरू करा. सी शार्पचा लाँग नेहमी ८ बाइट. सीचा लाँग विंडोजवर ४ बाइट, ६४ बिटांच्या लिनक्सवर ८. सी++ चा बूल १ बाइट, पण डीएलएलइम्पोर्ट बूलला मुळात विंडोजचा ४ बाइटांचा बूल समजतो; त्याला आय१ (एक बाइट) असं स्पष्ट सांगावं लागतं. रुंद अक्षराचा प्रकार विंडोजवर २ बाइट, लिनक्सवर ४. साइझ-टी साठी इंट वापरू नका, एनयूइंट वापरा.

स्ट्रक्चरचा घोळ याहून चिवट असतो. एक कॅरेक्टर आणि एक डबल असं साधं स्ट्रक्चर घ्या. नेहमीच्या अलाइनमेंटमध्ये ते १६ बाइटांचं होतं. हेडरमध्ये कुठेतरी वर पॅक १ लिहिलेलं असेल तर ९ बाइटांचं. ती पॅकची ओळ बऱ्याचदा तिसऱ्याच हेडरमध्ये लपलेली असते. डोळ्यांवर भरवसा ठेवण्यापेक्षा सीमध्ये साइझऑफ आणि ऑफसेटऑफ छापा, सी शार्पमध्ये मार्शल.साइझऑफ आणि मार्शल.ऑफसेटऑफ छापा, आणि आकडे ताडून बघा. मी आता प्रत्येक स्ट्रक्चरसाठी ही तपासणी युनिट टेस्टमध्येच लिहून ठेवते.

कॉलिंग कन्व्हेन्शनचा, म्हणजे पॅरामीटर कसे द्यायचे आणि स्टॅक कोणी आवरायचा या कराराचा, प्रश्न फक्त ३२ बिटांच्या विंडोजवर येतो. तिथे सीडेकल आणि एसटीडीकॉल यांत गल्लत झाली की प्रत्येक कॉलगणिक स्टॅक सरकत जातो. जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कमध्ये डीबगर लावला की पी-इन्व्होक स्टॅक इम्बॅलन्स असा इशारा यायचा; नव्या डॉटनेटमध्ये ती सोय उरलेली नाही. ६४ बिटांवर एकच पद्धत असल्याने चुकीचं लिहिलेलंही खपून जातं, आणि मग कोणीतरी एक दिवस ३२ बिटांचा बिल्ड मागतं.

स्ट्रिंगमध्ये दोन सापळे. डीएलएलइम्पोर्टमध्ये कॅरेक्टर सेट न सांगितल्यास ॲन्सी धरला जातो. आणि नेटिव्ह फंक्शन कॅरेक्टर पॉइंटर परत करत असेल, तर सी शार्पमध्ये परतीचा प्रकार स्ट्रिंग लिहू नका. तसं लिहिलं की रनटाइम त्या पॉइंटरची कॉपी करतो आणि मग मूळ मेमरी विंडोजवर कोटास्कमेमफ्रीने मोकळी करतो. लायब्ररीने ती मॅलॉकने घेतलेली असेल, किंवा ती स्थिर स्ट्रिंग असेल, तर हीप बिघडलीच म्हणून समजा. इंटपीटीआर घ्या, स्वतः कॉपी करा आणि लायब्ररीचंच मोकळं करणारं फंक्शन बोलवा.

कॉलबॅक: सगळ्यात फसवा प्रकार. तुम्ही नेटिव्ह लायब्ररीला एक डेलिगेट देता, ती तो जपून ठेवते आणि नंतर केव्हातरी बोलावते. सी शार्पच्या बाजूने मात्र त्या डेलिगेटकडे बोट दाखवणारं कोणी उरलेलं नसतं, म्हणून गार्बेज कलेक्टर तो उचलतो. पुढचा कॉलबॅक येतो आणि प्रोग्राम मरतो. डीबग बिल्डमध्ये हे दिसत नाही, कारण तिथे लोकल चल फंक्शन संपेपर्यंत जिवंत धरले जातात. नशीब चांगलं असेल तर नवं डॉटनेट मरताना "गोळा केलेल्या डेलिगेटवर कॉलबॅक आला" अशा अर्थाचा संदेश छापतं.

उपाय: लायब्ररी जितका काळ तो वापरेल तितका काळ डेलिगेट एखाद्या फील्डमध्ये धरून ठेवा. कॉलनंतर लगेच जीसी.कीपअलाइव्ह लिहून भागत नाही, कारण लायब्ररी तो त्यानंतरही वापरणार असते. कॉलबॅक स्थिर मेथड असेल तर डॉटनेट ५ पासून अनमॅनेज्डकॉलर्सओन्ली हे ॲट्रिब्यूट लावून फंक्शन पॉइंटर देता येतो, मग डेलिगेटच लागत नाही.

हाच रोग ॲरेला होतो. ॲरे पॅरामीटर म्हणून दिला तर तो फक्त त्या कॉलपुरता जागेवर खिळलेला असतो. लायब्ररी पॉइंटर जपून ठेवून मागाहून दुसऱ्या थ्रेडवरून लिहिणार असेल, तर जीसीहँडलने तो स्वतः पिन करावा लागतो. हँडल इंटपीटीआरमध्ये ठेवून फायनलायझरमध्ये बंद करणाऱ्यांनाही हाच त्रास: नेटिव्ह कॉल चालू असतानाच फायनलायझर धावू शकतो. त्यासाठी सेफहँडल आहे, ते वापरा.

शेवटी, एक्सेप्शनने सीमा ओलांडता कामा नये. सी++ ची एक्स्पोर्ट केलेली फंक्शनं आतून सगळं पकडून त्रुटीचा कोड परत करतील असं बघा, आणि तुमच्या सी शार्प कॉलबॅकमध्येही सगळं पकडा.

एक युक्ती: यातल्या जीवनकाळाच्या चुका दहा मिनिटांनी, तासाने, लहर लागेल तेव्हा दिसतात. चाचणीच्या बिल्डमध्ये एक थ्रेड सोडा, तो नुसता जीसी.कलेक्ट करत राहील. तासाभराने होणारा क्रॅश बऱ्याचदा काही सेकंदांवर येतो.

६. स्टॅक निरपराध दिसत असेल तर

आता ती तीन आठवड्यांची गोष्ट. क्रॅश रिलीजमध्येच व्हायचा, वीस-पंचवीस मिनिटांनी, आणि दर वेळी स्टॅकच्या टोकाला कोअरसीएलआर, म्हणजे खुद्द रनटाइम. तोही गार्बेज कलेक्टरच्या पोटात. आमच्या लायब्ररीचं नावसुद्धा स्टॅकवर नाही. मी रनटाइमची आवृत्ती बदलली, कलेक्टरची सेटिंग बदलली, मशीन बदललं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची पूर्ण तयारी केली होती.

झालं होतं ते असं. उपकरणाचं नाव भरून देणारं एक नेटिव्ह फंक्शन होतं आणि आम्ही त्याला ६४ बाइटांचा ॲरे देत होतो. लायब्ररीच्या नव्या आवृत्तीत ती मर्यादा १२८ झाली होती, आणि फंक्शन नाव लिहून उरलेली जागा इमानेइतबारे शून्यांनी भरत होतं. बाइटांचा ॲरे नेटिव्हला देताना त्याची कॉपी होत नाही. तो जागेवर पिन करून खरा पत्ता दिला जातो. म्हणजे जादा ६४ बाइट थेट मॅनेज्ड हीपवर, शेजारच्या ऑब्जेक्टच्या अंगावर. त्याच्या सुरुवातीला प्रकाराची ओळख सांगणारा पॉइंटर असतो, तो पुसला गेला. तेव्हा कोणालाच काही कळलं नाही. पुढे कधीतरी कलेक्टर हीपवरून चालत आला आणि त्या खड्ड्यात पडला.

हे सापडलं ते एसओएसच्या व्हेरिफायहीप कमांडने. डंपमध्ये ती दिली की बिघडलेल्या ऑब्जेक्टचा पत्ता मिळतो. मग लिस्टनिअरऑब्जने त्याच्या आधीचा शाबूत ऑब्जेक्ट बघायचा. आमच्याकडे तो ८८ बाइटांचा बाइट ॲरे निघाला: २४ बाइटांचा वरचा भाग आणि ६४ बाइटांचा डेटा. ६४ बाइटांचा ॲरे आख्ख्या प्रोग्रामात एकाच ठिकाणी बनत होता.

त्याआधी मी पेज हीप वापरून पाहिली होती आणि काहीच सापडलं नव्हतं. कारण मागाहून कळलं. पेज हीप प्रत्येक वाटप पानाच्या कडेला ठेवते आणि पुढचं पान बंद ठेवते, म्हणजे मर्यादेबाहेर लिहिलं की तिथल्या तिथे क्रॅश. जीफ्लॅग्जला पी, एनेबल, एक्झीचं नाव आणि फुल एवढं सांगितलं की ती चालू होते. नेटिव्ह हीपच्या बिघाडाला हे रामबाण आहे. सी००००३७४ दिसला की पहिल्यांदा हेच करा. पण डॉटनेटची मॅनेज्ड हीप त्या वाटेने जातच नाही, त्यामुळे तिथे पेज हीप आंधळी असते. यावर तोड अशी: चाचणीपुरता संशयित ॲरे काढा आणि त्याऐवजी मार्शल.ॲलॉकएचग्लोबलने घेतलेली मेमरी द्या. विंडोजवर ती नेटिव्ह हीपवरून येते, आणि मग पेज हीप अपराध्याला नेमक्या त्या ओळीवर धरते.

पेज हीप मेमरी भरमसाट खाते, कारण चार बाइटांच्या वाटपालाही अख्खं पान आणि वर एक बंद पान लागतं. आणि ती रजिस्ट्रीत नोंदली जाते, रीस्टार्टनंतरही चालूच राहते. काम झालं की बंद करा. नाहीतर महिन्याभराने "प्रोग्राम इतका मंद का झाला" म्हणून वेगळी शोधमोहीम निघेल.

क्रॅश पुन्हा घडवता येत असेल तर विनडीबीजीचं टाइम ट्रॅव्हल डीबगिंगही वापरून बघा. प्रोग्रामची चाल नोंदवून ठेवता येते आणि मग उलटं चालता येतं. बिघडलेल्या पत्त्यावर लिहिण्याचा ब्रेकपॉइंट लावायचा आणि जी-वजा देऊन मागे जायचं. ज्याने शेवटचं लिहिलं तो समोर उभा. नोंदवताना प्रोग्राम कित्येक पट मंद चालतो आणि फाइल अवाढव्य होते, म्हणून क्रॅशच्या अगदी आधी नोंदणी सुरू करा.

७. डॉटनेट बाजूला काढून बघा

संशय लायब्ररीवर असेल तर सीमध्ये पन्नास-साठ ओळींचा छोटा प्रोग्राम लिहा, जो तीच फंक्शनं त्याच क्रमाने, तेच आकडे देऊन बोलावेल. तोही कोसळला तर दोष लायब्ररीत. तो मजेत चालला तर पाचव्या पायरीकडे परत या.

लायब्ररीचा सोर्स हाताशी असेल तर हा छोटा प्रोग्राम आणि लायब्ररी दोन्ही ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका जागच्या जागी पकडणारी कंपायलरची सोय) लावून बिल्ड करा. क्लँग आणि जीसीसीत तो पूर्वीपासून आहे, मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये व्हिज्युअल स्टुडिओ २०१९ च्या १६.९ आवृत्तीपासून. सॅनिटायझर लावलेली लायब्ररी थेट डॉटनेटच्या प्रक्रियेत चालवायच्या खटाटोपात मात्र पडू नका. होतं, पण त्यात जाणारा वेळ पाहता छोटा प्रोग्राम स्वस्त पडतो.

८. लिनक्सवर काय बदलतं

इथे एक्झिट कोड बोलतो. १३९ म्हणजे १२८ अधिक ११, सेगमेंटेशन फॉल्ट. १३४ म्हणजे ॲबॉर्ट. १३७ दिसला तर थांबा: प्रोग्रामला बाहेरून कोणीतरी मारलंय, बहुतेक वेळा मेमरी संपली म्हणून. त्यात नेटिव्ह चूक शोधणं म्हणजे साप म्हणून भुई धोपटणं.

डंपसाठी दोन एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल: डॉटनेट-अंडरस्कोर-डीबीजीएनेबलमिनीडंप १, आणि डॉटनेट-अंडरस्कोर-डीबीजीमिनीडंपटाइप ४, म्हणजे पूर्ण. कंटेनरमध्ये पीट्रेसची (दुसऱ्या प्रक्रियेत डोकावण्याची) परवानगीही लागू शकते. डॉटनेट-डंप हे साधन फक्त मॅनेज्ड बाजू दाखवतं, नेटिव्ह फ्रेम दाखवत नाही. त्यासाठी एलएलडीबी हा डीबगर घ्या आणि डॉटनेट-एसओएस इन्स्टॉल करून त्यात एसओएस जोडा. जीडीबी लावून चालवताना प्रत्येक सिगसेगव्हीला (सेगमेंटेशन फॉल्टच्या सिग्नलला) थांबायला होईल. नल रेफरन्सची वर सांगितलेली गोष्ट इथेही तशीच लागू आहे.

९. जावावाल्यांसाठी

तुमचं काम थोडं सोपं आहे. जेव्हीएम मरताना एचएस-ईआरआर-पीआयडी नावाने सुरू होणारी फाइल ठेवून जाते. तिच्यात "प्रॉब्लेमॅटिक फ्रेम" शोधा. पुढे सी असेल तर नेटिव्ह कोड, मोठा व्ही असेल तर खुद्द जेव्हीएम, मोठा जे असेल तर कंपाइल झालेला जावा, छोटा जे असेल तर इंटरप्रिटरमधला. व्ही दिसला तरी जेव्हीएमला दोष देण्याआधी एक्सचेक-जेएनआय हा पर्याय लावून पुन्हा चालवा (जेएनआय म्हणजे जावा आणि नेटिव्ह कोड यांच्यातला पूल). एका थ्रेडचा जेएनआय-एन्व्ह दुसऱ्यावर वापरणं, लोकल रेफरन्स ग्लोबल न करता जपून ठेवणं, एक्सेप्शन प्रलंबित असताना पुढचे कॉल करत राहणं, अशा नेहमीच्या चुकांपैकी बऱ्याच तो पकडतो.

१०. लायब्ररी दुसऱ्याची असेल तर

तक्रार पाठवण्याआधी सातव्या पायरीतला छोटा प्रोग्राम तयार असू द्या. सी शार्पचा स्टॅक पाठवलात तर पहिलं उत्तर "तुमची घोषणा चुकली असेल" असं येईल, आणि खरं सांगायचं तर बहुतेकदा ते बरोबर असतं. प्रोग्रामसोबत लायब्ररीची नेमकी आवृत्ती, ३२ बिट की ६४, मॉड्यूलचं नाव, एक्सेप्शनचा कोड आणि मॉड्यूलमधलं अंतर द्या. अंतर महत्त्वाचं, कारण त्यांच्याकडे त्या बिल्डची पीडीबी असते आणि तेवढ्यावरून ते थेट ओळीपर्यंत पोचू शकतात. पूर्ण डंप त्यांनी मागितल्याशिवाय देऊ नका, आणि मागितला तर आधी त्यात कोणाची माहिती आहे ते स्वतः तपासा.

आमच्या त्या १२८ बाइटांच्या बदलाची नोंद, तसं पाहिलं तर, लायब्ररीच्या बदलांच्या यादीत होती. अकराव्या ओळीवर. कोणी वाचली नव्हती, मीही नाही.